पान माझं, लिहिणारे दुसरेच

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत रत्नागिरीतलं इंटरनेट म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, असं मी म्हटलं की आमचे हे अजूनही हसतात. गावात आणखी दोन-तीन ठिकाणी कॉम्प्युटर लावलेले होते, पण बायका यायच्या त्या आमच्याकडे. सकाळी मी मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि दुपारपासून खोली इंटरनेटसाठी उघडी असायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि टेलिफोनची एक लाइन. लाइट गेले की सगळे ओट्यावर येऊन बसत आणि मी चहा टाकायची.

येणाऱ्यांची निम्मी घरं अशी, की कर्ता माणूस बोटीवर नाहीतर आखातात. भाट्याच्या खाडीपलीकडून एक वहिनी यायच्या. त्यांचा नवरा मालवाहू बोटीवर चीफ कुक होता. वहिनी बुरखा सावरून खुर्चीत बसत, मेल उघडायला मला सांगत आणि वाचताना मात्र मला लांब उभं करत. त्यांचं बघून मला वाटलं, या सगळ्या लांबच्या माणसांना एकत्र भेटायला एखादी जागा असावी. म्हणून मी आमच्या गावाचं एक पान तयार केलं. वर समुद्राचा फोटो, खाली बाजारात आज कुठली मासळी आली ते, आणि त्याखाली एक चौकोन. त्या चौकोनात कोणीही काहीही लिहावं. त्याला मी नाव दिलं चावडी.

चावडी अशी भरली की मलाच नवल वाटलं. मस्कतहून कोणी विचारायचं, बांगडा आला का. सिंगापूरच्या बंदरातून कोणी लिहायचं, आरे-वारेच्या रस्त्याचं काम कुठवर आलं. मराठी असायची सगळी इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे "kal" हा कालचा दिवस की काळ हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. बहुतेक जण टोपणनावानं लिहीत. एकजण स्वतःला खाडीवरचा बगळा म्हणवायचा आणि फार छान लिहायचा. त्याचं लिहिणं वाचून मला कधीकधी वाटायचं, हा माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसावा.

त्याच बगळ्याने एके दिवशी लिहिलं, की आमच्या आळीतल्या मोदकवाल्या काकूंचे मोदक आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. नारळ जुना, पीठ बाजारातलं, आणि तक्रार केली तर बाई फोनवर उलट बोलतात.

या काकूंना सगळं गाव ओळखायचं. नवरा गेल्यावर त्यांनी घरातूनच उकडीचे मोदक करून द्यायला सुरुवात केली होती, आणि गणपतीत त्यांच्याकडे ऑर्डर द्यायची तर महिनाभर आधी सांगावं लागायचं. मी ते वाचलं तेव्हा पुसून टाकावंसं वाटलं, पण म्हटलं, बगळा आहे, दोन दिवसांनी दुसऱ्या कशावर लिहील, हे खाली जाईल.

ते खाली गेलं नाही. दुसऱ्याने लिहिलं की त्याच्या मावशीलाही तसाच अनुभव आला. तिसऱ्याने काकूंची बाजू घेतली, चौथ्याने तिसऱ्याची जात काढली. त्या आठवड्यात आमच्याकडे बसायला खुर्ची मिळेना. लोक नुसती चावडी वाचायला येऊ लागले. मी जात काढणारं तेवढं लगेच पुसलं आणि बाकीचं राहू दिलं.

काकू आल्या त्या भर सकाळी, माझा वर्ग चालू असताना. हातात छत्री, पदर खोचलेला. मुलांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही चालू द्या रे. मला हिच्याशी बोलायचंय."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. त्या बसल्या नाहीत.

"अगो, तुझ्या त्या पेटीत माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

"काकू, ते मी नाही लिहिलेलं."

"ते मला कळतंय. तुला मी लहानपणापासून ओळखत्ये. पण वाच."

मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पीठ बाजारातलं, या शब्दांपाशी त्यांचा चेहरा बदलला. मग म्हणाल्या, "दोन घरांनी चतुर्थीचे मोदक नको म्हणून सांगितलंन. कारण विचारलं तर म्हणे, इंटरनेटवर आलंय. इंटरनेट म्हणजे कोण? मला तर तूच दिसत्येस."

मी माझी बाजू मांडली. मी फक्त जागा दिलेली आहे, लिहिणारा भलताच, कुठे तरी बसून लिहितो, त्याला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

"माझ्या पडवीत कोणी येऊन बसला आणि तुला नाही नाही ते बोलायला लागला, तर पडवी माझी, तोंड त्याचं, असं म्हणून मी गप्प बसेन?"

दाराकडे जाता जाता त्यांनी बाहेरच्या खोलीत नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "बरी गर्दी होत्ये हो आताशा दुपारची तुझ्याकडे. माझ्या नावावर होत्ये, एवढं लक्षात ठेव."

रागावून बोलल्या असत्या तर मी विसरले असते. त्या अगदी शांतपणे बोलल्या, म्हणून ते मला लागलं. खुर्च्या भरत होत्या ते मलाही दिसत होतं आणि आवडतही होतं.

दुपारी मी मोदक-प्रकरणावरची सगळी चर्चा पुसून टाकली. संध्याकाळपर्यंत चावडीवर नवा गदारोळ. कोणी विचारलं, काकूंनी मॅडमना किती मोदक पाठवले. कोणी लिहिलं, आज मोदकावर बोलायला बंदी, उद्या नगरपालिकेच्या नळावर बोलायला बंदी. बगळ्याने फक्त एक ओळ लिहिली: "मी जे लिहिलं त्यातलं खोटं काय, एवढं तरी सांगा." त्या ओळीने मला रडवेलं केलं, कारण खोटं काय ते मला ठाऊक नव्हतं. खरं काय तेही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे एक निवृत्त वकीलकाका कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायला यायचे. हरले की मशीनला बोलायचे, जिंकले की मला चहा पाजायचे. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, कायद्यानं माझी जबाबदारी किती.

त्यांनी डाव थांबवला. "हे बघ, पोस्टमन पत्र उघडत नाही. म्हणून पत्रात शिव्या असल्या तर कोणी पोस्टमनला धरत नाही. वर्तमानपत्राचा संपादक प्रत्येक अक्षर वाचतो, म्हणून त्याला धरतात. तू दोघांपैकी कोण?"

"मी वाचते, पण छापल्यावर."

"मग तू तिसरंच काहीतरी आहेस आणि त्याला अजून आपल्याकडे शब्द नाही," ते म्हणाले आणि स्वतःच खूश झाले. मग जरा विचार करून म्हणाले, "मी न्यायाधीश असतो तर तुला एवढंच विचारलं असतं: तुला कळलं कधी, आणि कळल्यावर तू काय केलंस? कळण्याआधीचं तुझ्या डोक्यावर घालणं बरोबर नाही. कळल्यानंतरचं मात्र तुझं."

मी त्यातला फक्त संपादक डोक्यात घेऊन घरात गेले. रात्री जेवताना यांना म्हटलं, उद्यापासून मी आधी वाचणार आणि मगच पानावर लावणार. हे म्हणाले, "म्हणजे आता तू सेन्सॉर बोर्ड. बघ बाई, झेपतंय का."

काही दिवस झेपलं. लोक लिहीत, ते माझ्याकडे येऊन थांबे, मी वाचून पुढे सोडत असे. नळाच्या तक्रारी सोडल्या, एका पुढाऱ्याच्या पोटावरचा विनोद अडवला, मग तो विनोद चांगला होता म्हणून सोडला. भांडणं थांबली खरी, पण चावडीची बोलण्याची लय गेली. सकाळी कोणी विचारलं की पाऊस आहे का, तर उत्तर लागायचं दुसऱ्या दिवशी, तोवर ऊन पडलेलं असायचं.

त्यातच आम्ही दोन दिवसांसाठी हेदवीला गेलो. यांच्या चुलत घरी मुंज होती. देवळात दर्शन झालं, पंगती झाल्या, मी कॉम्प्युटर पार विसरून गेले. परत आल्यावर मशीन चालू केलं तर ढीगभर मजकूर थांबलेला. त्यात खाडीपलीकडच्या वहिनींच्या नवऱ्याचा निरोप होता. बोट बंदरात अडकली आहे, या महिन्यात सुट्टी होत नाही, मुंबईला गाडी पाठवू नका. घरचा फोन बंद पडलेला, म्हणून बिचाऱ्याने चावडीवर लिहिलं होतं. मेल वहिनी कधीतरीच उघडत, पण चावडी रोज येऊन वाचतात हे त्याला माहीत होतं. आम्ही नव्हतो तरी खोली उघडायला शेजारच्या ताई होत्या, वहिनी येऊन पान बघूनही गेल्या होत्या. पानावर काहीच नव्हतं, कारण निरोप माझ्या परवानगीची वाट बघत आत बसला होता.

मी धावत होडीने पलीकडे गेले. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळी मंडळी जीप करून मुंबईला विमानतळावर गेली आहेत, सासूबाईसुद्धा.

वहिनी तिसऱ्या दिवशी परत आल्या आणि माझ्याकडे आल्या. मी आधीच माफी मागायला लागले, तर त्या हसायलाच लागल्या. विमानतळावर विमान आलं, माणसं बाहेर पडली, यांचा माणूस काही येईना. सासूबाई प्रत्येक दाढीवाल्याकडे निरखून बघत होत्या. शेवटी मुंबईतल्या दिराने कंपनीत फोन करून विचारलं तेव्हा कळलं. मग एवढं आलोच आहोत तर म्हणून सासूबाईंनी माहीमचा दर्गा केला, नळबाजारातून पातेली घेतली आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या बहिणीकडे राहिल्या. त्या इतक्या खूश होत्या की म्हणाल्या, पुढच्या वेळीही असंच करू.

"पण मॅडम, एक बोलू?" वहिनी म्हणाल्या.

"बोला ना."

"आधी चावडीवर काही आलं नाही तर आम्ही म्हणायचो, त्याने लिहिलं नाही. आता तुम्ही बघितल्याशिवाय लागत नाही. म्हणजे आता काही आलं नाही तर ते तुमच्याकडे अडलं. तुम्ही उगीच सगळ्यांचं ओझं घेऊन बसलात."

वकीलकाकांनी जे सांगितलं होतं तेच हे दुसऱ्या बाजूने होतं: सगळं आधी वाचायचं म्हणजे सगळं मला कळलेलं, म्हणून सगळंच माझं. त्या दिवशी मी वाचून सोडण्याची पद्धत बंद केली आणि बगळ्याला, त्याने चावडीवर लिहिताना दिलेल्या पत्त्यावर, थेट मेल लिहिली. तुम्ही कोण आहात, तुम्ही स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं अंदाजाने लिहिलं, ते मला सांगा.

बगळ्याचं उत्तर लगेच आलं. मूळचा आमच्याच बाजूचा, पुण्यात बँकेत नोकरीला. त्याने आईच्या पंचाहत्तरीसाठी काकूंकडून मोदक मागवले होते. रात्रीच्या बसने आले, सकाळी उघडले तर आंबलेले. आईला इतकी आस लागली होती की तिने तरीही एक फोडून बघितला. त्याने काकूंना फोन केला तर त्यांनी त्यालाच झापलं. पीठ आणि नारळ हा त्याचा अंदाज होता. "ते मी रागात लिहिलं," त्याने कबूल केलं.

मी कागदावर उतरवून घेतलं आणि काकूंकडे गेले. त्या तांदूळ सावलीत पसरत होत्या. मी वाचून दाखवलं. आईचं ऐकून त्यांचा हात थांबला.

"आंबले असतील. बसच्या टपावर रात्रभर ठेवले तर आंबणारच. उकडीचा मोदक आहे, बेसनाचा लाडू नाही." मग तांदूळ सारखे करत म्हणाल्या, "फोनवर मी बोलल्ये ते खरं. पिठलं लागत होतं खाली. पण पंचाहत्तरीचं तो बोलला नाही हो. बोलला असता तर मी दुसरे करून दिले असते."

"हे तुम्ही चावडीवर लिहाल का? त्याच्या खाली, तुमच्या नावाने?"

"मला येतंय कुठे लिहायला तिथे."

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्या दुपारी काकू पहिल्यांदा आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. सांगायला लागल्या आणि मी टाइप करू लागले. मध्येच मी एक वाक्य जरा सौम्य केलं तर त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, मी म्हटलं तेवढंच आहे ना. मी परत होतं तसं केलं. त्यांचा मजकूर असा होता: मोदक आंबले हे खरं असेल, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पीठ मी घरचं वापरते. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळते, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. नारळ आमच्या मागच्या माडांचे आहेत, त्यांच्यावर आळ घेऊ नये. आजपासून पुण्याला उकडीचे मोदक पाठवणार नाही, कारण ते पोचत नाहीत. ज्याला हवे असतील त्याने इथे यावं आणि गरम खावे. आईंना घेऊन यावं.

बगळ्याचं मूळ लिहिणं मी पुन्हा लावलं, त्यातला अंदाजाचा भाग त्याला विचारून काढला, आणि त्याच्या लगेच खाली काकूंचं उत्तर. चावडीवर दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग मस्कतहून एकाने लिहिलं, काकू, माझ्यासाठी पाच ठेवा, मी मे महिन्यात येतो.

तेव्हापासून चावडीच्या माथ्यावर मी माझा कायदा लिहून ठेवला. टोपणनाव चालेल, पण खरं नाव मला माहीत असलं पाहिजे. कोणा माणसाबद्दल लिहिलंत तर त्याला मी कळवीन आणि त्याचं उत्तर तुमच्याच खाली लावीन. स्वतः पाहिलेलं नसेल आणि समोरच्याने हरकत घेतली, तर ते काढीन. काही जणांना हे पटलं नाही, ते गेले. गेलेल्यांतले बरेच काही दिवसांनी खरं नाव कळवून परत आले. वकीलकाकांनी तो कायदा वाचला आणि त्यातली एक स्वल्पविरामाची चूक काढली.

गणपतीत बगळा आला, आईला घेऊन. बगळा म्हणजे टक्कल पडलेला, चष्मेवाला, लाजाळू माणूस. मी दोघांना काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी आईंना पाटावर बसवलं, आणि त्याला समोर विळी ठेवून म्हणाल्या, "नारळ तू खव. म्हणजे जुना की ताजा ते तुझं तुला कळेल." त्याने खवला. अर्धा नारळ जमिनीवर सांडला, पण खवला. आईंनी तूप घालून पहिला मोदक तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे उघडेपर्यंत काकू समोरून हलल्या नाहीत. परत जायच्या आधी बगळा माझ्या खोलीत आला आणि त्याने स्वतःच्या हाताने चावडीवर लिहिलं: "नारळ ताजा आहे. मी स्वतः खवला."

चावडी पुढे काही वर्षं चालली. मग परदेशी कंपन्यांच्या मोठमोठ्या साइट आल्या. प्रत्येकाला स्वतःचं पान, फोटो, मित्रांची यादी. आमची मुलं तिकडे गेली, मग त्यांचे आईबापही गेले, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं.

त्या दिवसांत शाळेतले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. पांढरी टोपी, धोतर, काखेत पिशवी. कोणीतरी त्या मोठ्या साइटवर गुरुजींच्या नावाने, त्यांचा सत्काराचा फोटो लावून खातं उघडलं होतं, आणि त्या खात्यातून गावातल्या बायकांना "तुमचा आवाज फार गोड आहे" असे निरोप जात होते. गुरुजींच्या बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"यांचं ऑफिस कुठे आहे?" गुरुजींनी विचारलं. "मी जाऊन भेटतो. समोरासमोर बोललं की माणसं ऐकतात."

मी सांगितलं, ऑफिस अमेरिकेत आहे. त्यांनी काखेतली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "पण आमच्या गावात धंदा करतात ना? मग आमच्या गावात यांचं कोण आहे?"

कोणी नव्हतं. पडद्यावर तक्रारीचं एक बटण होतं. आम्ही ते दाबलं. मशीनने आभार मानले आणि पुढे काहीच झालं नाही. गुरुजी रोज येऊन विचारत, उत्तर आलं का. शेवटी मी गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं, आणि पुणे, ठाणे, दोहा, जिथे जिथे ते होते तिथून त्यांनी ते बटण दाबलं. एके सकाळी खोटं खातं नाहीसं झालं. कोणी काढलं, का काढलं, इतके दिवस का लागले, एका अक्षरानेही कोणी कळवलं नाही.

हल्ली अशा कंपन्यांना जबाबदार धरावं की नाही यावर टीव्हीवर मोठी माणसं वाद घालतात. मी ऐकते आणि मला माझी बाजू ठाम वाटते, कारण मीही एक कंपनीच होते, पंखा आणि एक लाइन असलेली. जगातल्या प्रत्येकाने काय लिहावं हे त्यांच्या माथी मारू नये. ते मला एका गावापुरतंसुद्धा जमलं नाही आणि ज्या दिवसांत जमवायला गेले त्या दिवसांत एक अख्खं कुटुंब विमानतळावर जाऊन आलं. पण कोणी येऊन सांगितलं की हे माझ्याबद्दल खोटं आहे, तर दार उघडायला तिथे माणूस हवा, त्याने ऐकायला हवं आणि काय केलं ते सांगायला हवं. भांडणावर खुर्च्या भरत असतील तर जास्तच. माझ्याकडे काकू छत्री घेऊन चालत येऊ शकल्या, म्हणून मी सुधारले. गुरुजींना चालत जायला जागाच नव्हती.

गुरुजींचं पुढे चांगलं झालं. विद्यार्थी इतके गोळा झालेच आहेत तर म्हणून मी त्यांचं खरं खातं उघडून दिलं. बाईंनी ते स्वतः शेजारी बसून तपासलं आणि बोलणं पुन्हा सुरू केलं. त्यानंतर गुरुजी रोज दुपारी माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचे. पन्नाशीला आलेले इंजिनिअर, बोटीवरचे कॅप्टन त्यांच्या पानावर नमस्कार लिहीत, आणि गुरुजी एकेका बोटाने टाइप करून त्यांना उत्तर देत: आशीर्वाद, आणि "आशिर्वाद" असे लिहू नये, शी दीर्घ आहे.